भरलेले डबे परत पाठवले त्याबद्दल

रेक्टरचं घर, मुलांचं वसतिगृह,
छत्रपती संभाजीनगर,
बुधवार.

ती. आक्कास, धाकट्या अभयचा नमस्कार, तू घ्यायला तयार असशील तर.

पाकीट बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि दाजी उचलतात तेव्हा "ती मळ्यात गेलीय" असं सांगतात (मागून तुझाच आवाज येत असतो, "मळ्यात गेलीय म्हनाव"), म्हणून लिहायला बसलो. दाजींचा गुडघा कसा आहे? तेल लावून उन्हात बसतात की अजून जिना चढला म्हणजे व्यायाम झाला असंच म्हणतात? तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल तर हे पत्र तूच वाच. झालं नसेल तर दाजींकडून वाचून घेऊ नकोस. ते मध्येच हसतात आणि वाक्य सुटतं. खरं तर हे वहाबभाईंच्या जीपनं पाठवायचं होतं. पण ते सध्या माझं काहीच नेत नाहीत. परवा मी हात केला तर त्यांनी जीप थांबवली, काच खाली केली, माझ्याकडं नीट बघितलं, आणि काच वर करून निघून गेले. म्हणून पोस्ट.

तुमच्या कन्नड गावात माझ्याबद्दल काय बोललं जातंय ते थोडंफार कानावर आलं आहे. मी पोरांचे डबे गटारात ओतले, असं एक. डब्याला लाथ मारली, असं दुसरं. तिसरं असं की साळूबाईंना उन्हात उभं करून मी त्यांच्याकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला. यातलं काही झालेलं नाही. जे झालं ते यापेक्षा साधं आहे आणि, मला वाटतं, जास्त वाईट आहे. साळूबाई तुझ्या गल्लीतल्या. त्यांच्या तोंडाकडं तुला रोज बघावं लागतं, म्हणून माझी बाजू तुला कळावी. ती बाजू म्हणण्यासारखी आहे की नाही ते तू ठरव. त्यांचा सत्यम वसतिगृह सोडून गेलाय. पुढच्या सोमवारपर्यंत परत आला नाही तर त्याची जागा दुसऱ्या मुलाला जाईल, आणि जागा गेली की त्याचं एम. एस्सी. गेलं. शहरात खोली घेऊन शिकणं त्या घराला झेपणारं नाही. हे माझ्यामुळं झालं. मधला काही भाग हसण्यासारखा आहे, तेवढा दाजींना सांग.

मी रेक्टर झालो तेव्हा तू गल्लीत पेढे वाटलेस. मी तेव्हाच सांगणार होतो की ही बढती नाही. आमच्या विद्यापीठात रेक्टर हवा असला की आधी खेळाच्या सरांना विचारतात, ते नाही म्हणाले की ज्याचं घर लांब आहे त्याला, आणि शेवटी मराठीच्या माणसाला, कारण त्याला काम कमी असतं असा समज आहे. (समज बरोबर आहे.) रेक्टरनं करायचं काय, तर पाण्याची टाकी, पंखे, भांडणं, कुणाची आई आजारी पडली तर रजा, आणि विद्यार्थी कल्याण विभागाकडून आलेली परिपत्रकं भिंतीवर लावणं. कल्याण हा आमच्याकडं एक विभाग आहे. त्याला एक संचालक आहेत. त्यांना भेटायला गेलं की ते म्हणतात, "लेखी द्या." मुलाच्या खोलीत साप निघाला तेव्हाही म्हणाले होते. मी लेखी दिलं. तोवर साप गेला. त्यावर ते म्हणाले, बघा, सुटला ना प्रश्न. अशा ठिकाणी माणूस हळूहळू कसा होतो ते तुला सांगून कळणार नाही. मलाही गेटवरच्या त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

तर डबे. मी पुण्यात शिकलो, तिथं घरच्या डब्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळं तुमच्याकडची ही पद्धत मला रेक्टर झाल्यावरच कळली. सकाळी कन्नडच्या स्टँडवर बाया डबे घेऊन येतात. प्रत्येक डबा फडक्यात बांधलेला, झाकणावर नेलपॉलिशनं नाव. वहाबभाई ते मागच्या सीटखाली रचतात, वेरूळ-खुलताबादच्या रस्त्यावर हिंदकळू नयेत म्हणून मध्ये पोती कोंबतात आणि दुपारच्या जेवणाला आमच्या गेटवर आणून ठेवतात. जाताना आदल्या दिवशीचे रिकामे घेऊन जातात. याला पावती नाही, नोंद नाही, आणि आजवर एकाचा डबा दुसऱ्याला गेलेला नाही. (आमच्या कार्यालयानं एका मुलाचा दाखला दुसऱ्याच मुलाच्या घरी पाठवला होता. तो अजून आलेला नाही.) कन्नडची सगळी मुलं सत्यमच्या खोलीत जेवायला बसत. खाली वर्तमानपत्र, त्यावर सगळी झाकणं उघडी. सत्यमच्या शेजारी झीशान, त्याच्या खोलीतलाच, वहिदाआपांचा मुलगा. साळूबाईंची भाकरी, वहिदाआपांचा दालचा, कुणाचे धपाटे, कुणाची येसराची आमटी. कुठला घास कुठल्या घरचा ते खाणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. ज्याचा डबा नाही तोही बसे. नांदेडचा एक मुलगा वर्षभर असाच जेवला, त्याला आपण कन्नडचेच आहोत असं वाटायला लागलं होतं. मी व्हरांड्यातून जाताना बघायचो. मुलं तोंडात घास असताना उठून उभी राहायची आणि म्हणायची, "या सर, बसा." मी म्हणायचो, "चालू द्या." हे रेक्टरनं म्हणायचं वाक्य आहे. एकदाही बसलो नाही.

मेस चालवतात ते माऊली. खरं नाव कुणाला माहीत नाही. परभणीकडचे आहेत, गळ्यात माळ, स्वभाव गरीब, वरण त्याहून गरीब. ते एक दिवस माझ्याकडं आले आणि म्हणाले, सर, पोरं जेवत नाहीत, भाजी फेकावी लागती, अन्नाचा अपमान होतो. खरं होतं. (हेच माऊली दुपारी मेस बंद करून सत्यमच्या खोलीत जेवायला बसत, हे मला नंतर कळलं. मी विचारलं तर म्हणाले, "सर, आपल्याच हातचं किती खाणार मानूस?") त्याच सुमाराला दुसऱ्या राज्यात कुठल्याशा वसतिगृहात मुलांना विषबाधा झाली, आणि आमच्या कल्याण विभागानं परिपत्रक काढलं की मेसखेरीज कुठलंही अन्न, घरचे डबे धरून, वसतिगृहात येऊ देऊ नये. बाकीच्या रेक्टरांनी ते भिंतीवर लावलं आणि डबे येऊ दिले. परिपत्रक भिंतीसाठी असतं हे त्यांना माहीत होतं. मी ते वाचलं.

वाचून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण परिपत्रकाची भाषा फार वाईट होती. म्हणून मी मुलांसाठी स्वतः नोटीस लिहिली. चार वाक्यं. एकही विशेषण नाही. लिहून झाल्यावर दोनदा मोठ्यानं वाचली. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या हातून इतकं स्वच्छ गद्य उतरलं नव्हतं. तिसरं वाक्य असं होतं: "आलेले डबे त्याच गाडीनं परत जातील." मुलं नोटीस वाचून गप्प झाली. मला वाटलं, गद्याचा परिणाम.

मुलांना नुसतं नाही म्हणू नये, पर्याय द्यावा, या विचारानं मी पहिल्याच दिवशी एका आहारतज्ज्ञ बाईंचं व्याख्यान ठेवलं. विषय, समतोल आहार. सगळी मुलं सभागृहात. मध्येच फोन वाजू नयेत म्हणून शिपायानं दारातच सगळ्यांचे फोन बंद करून एका टोपलीत गोळा केले. (ही कल्पनाही माझीच.) तेवढ्यात गेटवर वहाबभाई आले. वॉचमननं नोटीस दाखवली. वहाबभाईंना वाचता येतं, तरी त्यांनी ती वॉचमनकडून वाचून घेतली. मग विचारलं, "ये कौन लिख्या?" माझं नाव ऐकल्यावर म्हणाले, "आक्का का भाई? अच्छा." एवढंच. भरलेले डबे पुन्हा सीटखाली रचले आणि माघारी गेले. झीशाननं मला नंतर सांगितलं की वाटेत ते दोनदा चहाला उतरले, कधी उतरत नाहीत. बायांना तोंडानं काय सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं. तुमचा घास घेतला नाही, हे कसं सांगायचं? एरवी ज्यांचा हॉर्न तीन गल्ल्यांना ऐकू येतो त्या माणसानं जीप लांब उभी केली, पायी येऊन एकेक डबा एकेकीच्या ओट्यावर ठेवला, हाक न मारता, आणि घरी जाऊन डोक्यावरून पांघरूण घेतलं.

आता साळूबाईंचं बघ. त्या दार उघडतात. ओट्यावर डबा. उचलतात तर जड. आपल्याकडं भरलेला डबा परत येतो तो कधी? खाणारा राहिला नाही तर. किंवा खाणाऱ्यानं घराशी संबंध तोडला तर. तिसरं कारण मी तरी ऐकलेलं नाही. हे मला माहीत होतं, आक्का. लहानपणापासून माहीत होतं. ते वाक्य लिहिताना आठवलं नाही. मला त्यात फक्त क्रियापद दिसत होतं. साळूबाईंनी सत्यमला फोन लावला. बंद. वहिदाआपांनी झीशानला लावला. बंद. गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या पोरांना लावून बघितलं. सगळ्या वसतिगृहाचे फोन एका टोपलीत निपचित पडले होते, आणि आत बाई प्रथिनांवर बोलत होत्या. कुणीतरी म्हणालं, होस्टेलला आग लागली असंल. कुणीतरी म्हणालं, टीव्हीवर दाखवलं. (त्या दिवशी टीव्हीवर क्रिकेट होतं.) तू लेकीकडं गेली होतीस. तू असतीस तर एक शिवी देऊन सगळ्यांना गप्प बसवलं असतंस, असं मला अजून वाटतं. मग बायांनी वहाबभाईंना पांघरुणातून बाहेर काढलं. ते सांगायला लागले, पोरं बरी आहेत, पण तोवर त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? जीप भरली आणि निघाली.

व्याख्यान फार लांबलं, पार संध्याकाळ झाली. बाई अनुभवी होत्या. शेवटी प्रत्येक मुलाला एक केळं वाटलं, फोन परत दिले, आणि तेवढ्यात बाहेरून रडण्याचा आवाज आला. मी गेटकडं धावलो. साळूबाई एकाच पायात चप्पल घालून उभ्या होत्या. वॉचमन नियमानं त्यांना विचारत होता, कुणाला भेटायचंय, काय संबंध? "संबंध? आई हाय मी त्याची, मुडद्या!" मागून वहिदाआपा दुवा पुटपुटत होत्या. मागून आणखी बाया. आणि सभागृहाच्या पायऱ्यांवरून सगळी मुलं केळी खात खाली येत होती. सत्यम पुढं आला. हातात अर्धं सोललेलं केळं. साळूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, एक थोबाडीत ठेवून दिली, आणि मग मिठी मारली.

"जित्ता हायेस तर डबा काहून परत धाडला रे?"

"मी नाय धाडला, आई."

"मंग कोन धाडला?"

सत्यमनं माझ्याकडं बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं.

इथं मी हात जोडले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. आपण फोनवर हसलो असतो. माऊलींनी तर चहाचं आधण ठेवायला सुरुवातही केली होती. पण मी समजावून सांगायला गेलो. शिकलेल्या माणसाला माफी मागण्याआधी समजावून सांगावंसं वाटतं, आणि मग माफीची वेळ निघून जाते. मी म्हणालो, ताई, प्रश्न सत्यमचा नाही, अन्नाच्या दर्जाचा आहे. साळूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "म्हंजी माझ्या हातचं वंगाळ हाय?" मी म्हणालो, वंगाळ असं नाही, तपासलेलं नाही एवढंच. (बघ, किती अचूक वाक्य.) आहारतज्ज्ञ बाईंनी तेलाबद्दल काहीतरी जोडलं.

साळूबाई जीपकडं गेल्या आणि डबा घेऊन आल्या. तोच, परत गेलेला. सोबत कशाला आणला होता कोण जाणे. पोरगं उपाशी असेल असं वाटलं असेल. गेटशेजारच्या कट्ट्यावर ठेवून त्यांनी गाठ सोडली. म्हणाल्या, "मंग तुमीच तपासा ना, सर. घास खाऊन बघा. कुठं चुकलं ते सांगा." आवाजात राग नव्हता. टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. भाकरी जाऊन-येऊन वातड झाली होती. शेंगदाण्याची चटणी, मेथी, फोडलेला कांदा. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी घेतली आणि माझ्यासमोर हात धरला. मुलांच्या हातात फोन परत आले होते, आणि ते सगळे वर उचललेले होते. मला परिपत्रक आठवलं. संचालक आठवले. मी म्हणालो, "ताई, मला नियमानं घेता येणार नाही."

त्यांनी तो घास पुन्हा डब्यात ठेवला. झाकण लागेना. वहिदाआपांनी पुढं होऊन दाबून लावलं.

सत्यम म्हणाला, "सर, जरा केळं धरा." मी धरलं. मला वाटलं, आईसाठी पाणी आणायला चाललाय. तो वर गेला आणि बॅग, गादी, पुस्तकांचं पोतं घेऊन खाली आला. जीपमध्ये जागा नव्हती, तो मागं लटकला. वहाबभाईंनी हॉर्न दिला नाही. जीप गेल्यावर मुलं आपापल्या खोल्यांकडं निघाली. मी गेटवर केळं धरून उभा होतो. त्याचं काय करायचं ते मला कळेना. शेवटी वॉचमननं माझ्या हातातून घेतलं.

त्यानंतरचं थोडक्यात. डबे यायचे थांबले नाहीत, चोरून यायला लागले. वहाबभाई आता गेटवर येत नाहीत, वळणावर थांबतात, आणि मुलं हेल्मेटमधून धपाटे आणतात. ज्यांच्याकडं गाडी नाही अशीही मुलं हेल्मेट घेऊन फिरतात. पोलिसांना जमली नाही ती हेल्मेटसक्ती माझ्या नोटिशीनं करून दाखवली. मी बघतो आणि बघितलं नाही असं करतो. पण सत्यमच्या खोलीतली पंगत मोडली ती मोडली. लपून खाणाऱ्याला वाटून खाता येत नाही. जो तो आपापलं, दार लावून, घाईनं. नांदेडचा मुलगा मेसमध्ये बसतो आणि वरणात बोट फिरवतो. माऊली त्याला वाढताना मान खाली घालतात. दुपारी पूर्वी त्या मजल्यावर इतका गलका असायचा की मला तासाची तयारी करता यायची नाही. आता करता येते. करायची इच्छा होत नाही. झीशान मला अजून सलाम करतो, फार अदबीनं. पूर्वी तो "काय सर, आज काय विशेष?" असं विचारायचा.

सत्यम वाळूजला एका कारखान्यात लागलाय हे झीशानकडूनच कळलं. मी गेलो. शिफ्ट सुटायच्या वेळी फाटकासमोर उभा राहिलो. एकाच निळ्या कपड्यातली शेकडो पोरं मोटारसायकलींवरून बाहेर पडत होती. मी जोरात हाक मारली, "सत्यम!" चौघांनी ब्रेक मारले. त्याच्या वयाच्या पोरांत दर दहातला एक सत्यम आहे. चौघंही चांगल्या घरची. एकानं विचारलं, काका, पोरगा पळून आलाय का? आमचा सत्यम सगळ्यांत मागून पायी आला. मला बघून थांबला. वाकून नमस्कार केला, हे सगळ्यात जड गेलं. टपरीवर घेऊन गेला, चहा त्यानंच सांगितला. मी बरंच बोललो. त्याच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतलाय म्हणालो. प्रयोगशाळेत त्याचा प्रयोग अर्धा लावलेला आहे, गाईड रोज विचारतात, तेही सांगितलं. (गाईडनी एकदाच विचारलं होतं.) तो ऐकत होता. मग म्हणाला, "सर, तुमच्यावर राग नाय माझा. पण आई म्हनती, जिथं माझा डबा चालत नाय तिथं माझं लेकरू कसं चालंल? ती हो म्हनली तर मी येतो." चहा संपवून पेला टपरीवाल्याला परत दिला आणि शेअर रिक्षात बसला. त्याच्या हाताच्या बोटांना ऑइल होतं. एम. एस्सी.च्या मुलाच्या बोटांना असतात तसे ॲसिडचे डाग त्याखाली अजून दिसत होते.

संचालकांकडं गेलो. म्हणालो, परिपत्रक मागं घ्या. ते म्हणाले, लेखी द्या. दिलं. समिती बसली. समितीनं ठरवलं की घरचा डबा चालेल, मात्र प्रत्येक डब्यासोबत अन्न-तपासणीचा दाखला हवा. मी विचारलं, मेथीच्या भाजीचा दाखला कोण देतं? ते म्हणाले, तुमचा मुद्दा चांगला आहे, लेखी द्या. सत्यमची जागा सोमवारी रद्द होते तीही त्यांच्याच नियमानं. मी तो पंखा पुन्हा बिघडवून ठेवलाय, म्हणजे खोली द्यायला लायक नाही असं कळवता आलं. वीजतंत्री बघून गेला. म्हणाला, सर, हा पंखा कुणीतरी मुद्दाम तोडलाय, पोरांवर लक्ष ठेवा.

असो. यात तुला पडायला मी सांगत नाही. साळूबाई तुझ्या शेजारच्या, मी तुझा भाऊ, दोन्हीकडून तुलाच त्रास. जे झालं ते तसंच तुला कळावं एवढ्यासाठी हे. फोन नाही उचललास तरी चालेल.

दाजींना नमस्कार. तुला पुन्हा एकदा, दाराबाहेरूनच.

तुझा धाकटा,
अभय

ता. क. हे लपवून पत्र बंद करवत नाही. गेल्या बाजाराच्या दिवशी मी कन्नडला आलो होतो. साळूबाईंच्या दारात जायचं ठरवूनच निघालो होतो. स्टँडवर उतरलो, बाजारातून चाललो, तर तू गवारीच्या ढिगाशी उकिडवी बसून भाव करत होतीस. मी गुळाच्या ढेपांमागं उभा राहिलो. विक्रेत्यानं विचारलं, साहेब, गूळ घ्यायचाय का मास्क लावून चव घेताय? (तोंडावर रुमाल बांधला होता.) तू गवार घेतली नाहीस. उठताना गुडघ्यावर हात ठेवलास, पूर्वी ठेवत नव्हतीस. मी तसाच परत फिरलो. दोन गल्ल्या पुढं गेलो असतो तर काम झालं असतं. ही लाज गेटवरच्या लाजेपेक्षा वेगळी आहे, पण कमी नाही.

ता. क. २. वर मी लिहिलंय की यात पडू नकोस. ते खोडायचं राहिलं. साळूबाईंकडं जा. पत्र मिळेल त्याच दिवशी जा. मी माफी मागतो असं सांगू नकोस, ते माझ्या तोंडून यायला हवं, तुझ्या नव्हे. त्यांना फक्त एवढं सांग की उद्यापासून एक डबा माझ्या नावानं पाठवा. नोटीस मी पुन्हा वाचून बघितली. ती वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना लागू आहे, रेक्टरला नाही, आणि परिपत्रक वसतिगृहाच्या आत येणाऱ्या अन्नाचं आहे, गेटवरच्या कट्ट्याचं नाही. समितीलाही माझा डबा अडवता येणार नाही. झाकणावर नाव माझंच घाला, मोठं. मी तो गेटवर, त्याच कट्ट्यावर, मुलं फोन धरून उभी असताना उघडीन आणि पोटभर खाईन, आणि कुठं चुकलं ते त्यांना फोन करून सांगीन. साळूबाई एका डब्याला हो म्हणाल्या तर मुलालाही हो म्हणतील, असं मला वाटतं. वहाबभाई माझ्या सांगण्यावरून आणणार नाहीत. तुझ्या सांगण्यावरून आणतील. सोमवारच्या आत.

ता. क. ३. डॉक्टरांनी मला तिखट पूर्ण बंद केलंय. हे साळूबाईंना कळू देऊ नकोस.